शेवटच्या रकान्यातली मेमरी

रेझिस्टिव्ह मेमरीवरचे चार-पाच पेपर एकापाठोपाठ वाचलेत, तर एक तक्ता तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल. डावीकडे एसरॅम, मग डीरॅम, मग नॅन्ड फ्लॅश, आणि सगळ्यात उजवीकडे लेखकाची लाडकी मेमरी. ओळींमध्ये सेलचा आकार, लिहायला लागणारा वेळ, वीज गेल्यावर डेटा किती टिकतो, एकाच सेलवर किती वेळा लिहिता येतं. पहिल्या तिन्ही रकान्यांत कुठे ना कुठे खोट असते, शेवटच्यात मात्र एकही नसते. तक्त्याखाली साधारण असं वाक्य येतं की ही मेमरी एसरॅमइतकी वेगवान, डीरॅमइतकी दाट आणि फ्लॅशसारखी टिकाऊ आहे, म्हणून ती 'युनिव्हर्सल मेमरी' ठरू शकते.

पीएचडीच्या प्रस्तावासाठी तुम्ही हा तक्ता उतरवून घेणार, हे मला माहीत आहे, कारण मीही घेतला होता. सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "हा शेवटचा रकाना कुठल्या डिव्हाइसचा?" मी म्हटलं, "सर, रेझिस्टिव्ह रॅमचा." ते म्हणाले, "तो प्रकार झाला. डिव्हाइस कुठलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन प्रत्येक आकड्यामागचा संदर्भ उघडला तेव्हा कळलं की उत्तर नसणं हा फक्त माझा आळस नव्हता. तसं डिव्हाइसच नाहीये.

आधी डावीकडचे तीन रकाने नीट बघू. शेवटचा रकाना का फसवतो, ते त्याशिवाय कळत नाही.

एसरॅमच्या एका सेलमध्ये सहा ट्रान्झिस्टर असतात. दोन इन्व्हर्टर एकमेकांच्या तोंडात तोंड घालून बसवलेले, म्हणून वीज आहे तोवर ते एकमेकांना आपापली स्थिती धरून ठेवायला लावतात. वाचणं-लिहिणं नॅनोसेकंदाच्या आसपास. पण सहा ट्रान्झिस्टर म्हणजे जागा खूप, साधारण १२० एफ-वर्ग आणि त्याहून जास्त. (एफ म्हणजे त्या तंत्रज्ञानात काढता येणारी सगळ्यात बारीक रेघ. आकार नॅनोमीटरऐवजी एफमध्ये देतात, कारण त्यामुळे वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिप शेजारी ठेवता येतात.) म्हणून प्रोसेसरच्या कॅशमध्ये ती मेगाबाइटच्या हिशोबात असते, गिगाबाइटच्या नाही.

डीरॅमचा सेल म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. रॉबर्ट डेनार्ड यांना आयबीएममध्ये असताना १९६८ मध्ये याचं पेटंट मिळालं. आकार ६ एफ-वर्गापर्यंत खाली आलेला. पण कपॅसिटर गळतो. म्हणून प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते, आणि चिप ८५ अंशांच्या वर तापली की ३२ मिलिसेकंदांत. शिवाय वाचलं की चार्ज सांडतो, म्हणजे वाचल्यावर परत लिहायचं. आपल्याला शाळेत शिकवलं की 'रॅम तात्पुरती', आणि आपण समजलो की लाइट गेली की डेटा त्याच क्षणी गेला. तसंही नाही. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं की वीज बंद केल्यावरही डीरॅममधला डेटा काही सेकंद राहतो, आणि चिप थंड केली तर बराच जास्त वेळ. त्यातून त्यांनी डिस्क एन्क्रिप्शनच्या चाव्या बाहेर काढल्या. ६४ मिलिसेकंद ही चिपमधल्या सगळ्यात कमकुवत सेलला सांभाळून घेणारी मुदत आहे. बहुतेक सेल त्याहून कितीतरी जास्त वेळ तग धरतात.

फ्लॅशचा सेल विजेशिवाय डेटा धरतो, कारण इलेक्ट्रॉन इन्सुलेटरच्या आत अडकवलेले असतात. फ्लोटिंग गेटची कल्पना १९६७ ची, बेल लॅब्समधल्या कांग आणि झी यांची. नॅन्ड फ्लॅश १९८७ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांच्या गटानं मांडलं. लिहिणं पानापानानं आणि पुसणं अख्ख्या ब्लॉकचं. एका सेलमध्ये तीन बिट भरणारं टीएलसी फ्लॅश साधारण हजार ते तीन हजार वेळा पुसता-लिहिता येतं. तक्त्यात हा आकडा फार केविलवाणा दिसतो, हो ना? डीरॅमसमोर १० चा १५ वा घात लिहिलेला असतो आणि इथे तीन हजार.

तरीही तुमच्या फोनचं स्टोरेज वर्षानुवर्षं चालतं. कारण फोनमध्ये नुसता सेल नसतो, त्याच्या डोक्यावर कंट्रोलर बसलेला असतो. तो लिखाण सगळ्या ब्लॉकवर वाटून देतो, चुका दुरुस्त करतो, खराब ब्लॉक बाजूला काढतो. टिकाऊपणाचंही तसंच. ग्राहकांच्या एसएसडीसाठी जेडेकचं मानक असं आहे की ठरलेलं सगळं लिखाण होऊन ड्राइव्ह पुरता वापरून झाल्यावर, वीज न देता, ३० अंशांवर डेटा एक वर्ष टिकला पाहिजे. सर्व्हरच्या एसएसडीसाठी ४० अंशांवर तीन महिने. तक्त्यात फ्लॅशपुढे '१० वर्षं' लिहिलेलं असतं. ते नव्या सेलचं आहे की झिजलेल्या, किती तापमानाला, हे लिहिलेलं नसतं.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. तक्ता सेलची तुलना करतो आणि खालचं वाक्य मेमरीबद्दल बोलतं. सेल ही एक गोष्ट आहे. सेल, त्याभोवतीचे डिकोडर, सेन्स अॅम्प्लिफायर, कंट्रोलर, चुका पकडायची पद्धत आणि ती बसवायची जागा, हे सगळं मिळून मेमरी होते.

आता शेवटचा रकाना. मी ज्या तक्त्यावरून उतरवलं होतं, त्यात वेगासाठी एक नॅनोसेकंदापेक्षा कमी असं लिहिलं होतं. त्याचा संदर्भ एचपीचा २०११ चा टॅन्टॅलम ऑक्साइडवरचा पेपर, ज्यात डिव्हाइस मायक्रोवेव्हसाठी बनवलेल्या पट्टीत बसवून सुमारे १०५ ते १२० पिकोसेकंदांत स्विच करून दाखवलंय. उत्तम काम आहे. लिहिण्याच्या आवर्तनांसाठी १० चा १२ वा घात, म्हणजे एक लाख कोटी वेळा. तो सॅमसंगचा, २०११ च्या 'नेचर मटेरियल्स'मधला, टॅन्टॅलम ऑक्साइडच्या दोन थरांचा. आकारासाठी १० नॅनोमीटर. तो बेल्जियमच्या आयमेकचा, त्याच वर्षीच्या आयईडीएम परिषदेतला, पण हॅफ्नियम ऑक्साइडचा. आणि त्या छोट्या सेलची आवर्तनं त्यांनी स्वतः ५ कोटी सांगितली आहेत, एक लाख कोटी नाहीत!

तिन्ही गटांनी आपापलं मोजलं आणि प्रामाणिकपणे छापलं. पण तीन लॅबमधल्या तीन डिव्हाइसची एकेक उत्तम गोष्ट उचलून एका रकान्यात ठेवली की एक चौथं डिव्हाइस तयार होतं, जे कुणीच बनवलेलं नाही. दहावीला गणितातला पहिला, इंग्रजीतला पहिला आणि मराठीतला पहिला यांचे मार्क एकत्र करून एका मुलाचं मार्कशीट छापण्यासारखं आहे हे. शेजारच्या डीरॅमच्या रकान्याला मात्र ही सवलत नसते. तिथे बाजारात मिळणाऱ्या चिपचे आकडे असतात, कारखान्यातल्या कोट्यवधी सेलपैकी सगळ्यात वाईट सेलला धरून काढलेले.

यातला एक लाख कोटीचा आकडा हातात घेऊन एक साधा हिशोब करा. डीरॅमची जागा घ्यायची तर एका सेलवर दर १० नॅनोसेकंदांनी लिहायची वेळ येऊ शकते असं धरू. एक लाख कोटी गुणिले १० नॅनोसेकंद म्हणजे १०,००० सेकंद. दोन तास सत्तेचाळीस मिनिटं. एकाच सेलवर सतत असं कुणी लिहीत नाही, मध्ये कॅश असते, लिखाण वाटून देता येतं, हे खरं. पण मग वाटून देणारा कंट्रोलर आला, त्याचा वेळ आला, आणि एसरॅमइतका वेग गेला. पेपरमध्ये हा हिशोब एका ओळीत मावला असता.

गंमत म्हणजे हाच १०,००० सेकंदांचा आकडा तुम्हाला टिकाऊपणाच्या आलेखातही दिसेल. सेल लिहून ठेवायचा, ठरावीक वेळानं रेझिस्टन्स वाचायचा, १०,००० सेकंदांपर्यंत. मग लॉग स्केलवर सरळ रेघ पुढे ओढायची, १० वर्षांपर्यंत. १० वर्षांत साधारण साडेएकतीस कोटी सेकंद असतात, म्हणजे रेघ मोजलेल्या वेळेच्या एकतीस हजार पट पुढे गेली. मी राधानगरी तालुक्यातला, म्हणून आमच्याकडच्या हिशोबात सांगतो. धरणाची पातळी सतरा मिनिटं बघायची, ती हलली नाही म्हणायचं, आणि तेवढ्यावर वर्षभराचा पाणीसाठा जाहीर करायचा. प्रमाण तेच आहे. जास्त तापमानाला, तीन-चार वेगवेगळ्या तापमानांवर मोजून, बिघाडाची सक्रियण ऊर्जा काढून पुढचा अंदाज बांधला तर त्याला काही अर्थ आहे. खोलीच्या तापमानाला एका सेलवर ओढलेल्या रेघेला फारसा नाही.

मेमरिस्टर हा शब्द अजून मी टाळला, कारण तो आला की चर्चा भरकटते. पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा विषय तोच असणार, म्हणून बघूच. १९७१ मध्ये लिऑन चुआ यांनी गणितातून दाखवलं की रेझिस्टर, कपॅसिटर आणि इंडक्टर यांच्या पंक्तीत चौथा घटक असायला हवा, चार्ज आणि चुंबकीय फ्लक्स यांना जोडणारा. २००८ मध्ये एचपीच्या स्ट्रुकोव्ह, स्नायडर, स्टुअर्ट आणि विल्यम्स यांनी 'नेचर'मध्ये जाहीर केलं की हरवलेला मेमरिस्टर सापडला. प्लॅटिनमच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडची पातळ फिल्म, आणि ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा सरकल्या की रेझिस्टन्स बदलतो.

हा पेपर जरूर वाचा. लहान आहे, आणि त्याचं मॉडेल इतकं सोपं आहे की एमएस्सीचा विद्यार्थी एका संध्याकाळी त्याचा कोड लिहू शकतो. त्याची ताकद हीच, आणि माझ्या मते अडचणही हीच. ऑक्साइड फिल्मचा रेझिस्टन्स असा उलटापालटा होतो हे १९६२ मध्ये हिकमॉट यांनी नोंदवलं होतं, आणि टायटॅनियम ऑक्साइडमध्ये १९६८ मध्ये आर्गल यांनी. म्हणजे परिणाम जुना होता, नाव नवं मिळालं. चुंबकीय फ्लक्सचा या डिव्हाइसमध्ये काही संबंध नाही, म्हणून हा चुआंचा चौथा घटक नव्हेच, असा आक्षेप २०१५ मध्ये वोंगेर आणि मेंग यांनी 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये घेतला. उलट बाजूनं चुआंनी २०११ मध्येच म्हटलं होतं की रेझिस्टन्स बदलून डेटा धरणारी दोन टोकांची सगळीच डिव्हाइस मेमरिस्टर आहेत, मटेरियल कुठलंही असो. दोघांपैकी कोण बरोबर, या वादात तुम्ही पडू नका. एवढंच बघा की चुआंची व्याख्या मान्य केली तर 'आम्ही मेमरिस्टर बनवला' या वाक्यातून ती कोणत्या प्रकारची मेमरी आहे हे कळतच नाही.

आणि नेमकं तेच वाचकाला हवं असतं. करंट-व्होल्टेजचा मधोमध चिमटा काढलेला लूप आला की आपण खूश होतो. पण तो लूप दोन अगदी वेगळ्या वागण्यांतून येऊ शकतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवा. पातळी ३४७.५ फुटांना पोचली की पाण्याच्या दाबानंच दरवाजा उघडतो, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत जातं, आणि पातळी उतरली की तो आपोआप मिटतो. जुलैमध्ये तो उघडला होता हे ऑक्टोबरमध्ये दरवाजाकडे बघून सांगता येणार नाही. खाली नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं उलट. पावसाळा संपल्यावर माणसं बरगे घालतात, ते काढेपर्यंत घातलेलेच राहतात. चांदीचा इलेक्ट्रोड असलेल्या डिव्हाइसमध्ये दोन्ही प्रकार दिसतात. चांदीचा धागा टिकला तर बंधारा, व्होल्टेज काढल्यावर विरघळला तर स्वयंचलित दरवाजा. दुसरा प्रकारही उपयोगाचा आहे, सिलेक्टर म्हणून किंवा न्यूरॉनसारखं वागणारं सर्किट म्हणून. पण त्याला नॉन-व्होलटाइल मेमरी म्हणता येत नाही. फरक लूप बघून नाही कळत. लिहायचं, व्होल्टेज पूर्ण काढायचं, चहा पिऊन यायचं, आणि छोट्या व्होल्टेजनं वाचायचं.

बरं, आकार. दोन आडव्या-उभ्या तारांच्या छेदावर बसणारा सेल ४ एफ-वर्गाचा होतो, हे तक्त्यातलं वाक्य भूमिती म्हणून बरोबर आहे. पण नुसते सेल असे विणले की करंट शेजारच्या सेलमधून चोरवाटेनं जातो आणि वाचलेला आकडा भलताच येतो. त्यासाठी प्रत्येक सेलला सिलेक्टर किंवा ट्रान्झिस्टर लागतो, आणि ट्रान्झिस्टर लावला की ४ एफ-वर्ग राहत नाही. त्यात आपल्यासारख्यांच्या लॅबमध्ये वरचा इलेक्ट्रोड म्हणजे बऱ्याचदा चांदीच्या पेस्टचा एक मिलिमीटरचा ठिपका. तो १० नॅनोमीटरच्या सेलपेक्षा रुंदीत एक लाख पट आणि क्षेत्रफळात एक हजार कोटी पट मोठा. ज्या पेपरच्या प्रयोगात असा ठिपका आहे, त्याच्या पहिल्या पानावर ४ एफ-वर्ग कशाला हवं?

कुणी म्हणेल, प्रास्ताविकात थोडं वाढवून लिहायचंच असतं, त्यानं काय बिघडतं. बिघडतं ते निवडीत. तो तक्ता वाचून तुम्ही विषय निवडता, त्यात चार-पाच वर्षं जातात. एचपीनं २०१० मध्ये हायनिक्सबरोबर करार केला तेव्हा २०१३ च्या सुमाराला उत्पादन येईल असं बोललं जात होतं. आलं नाही. इंटेल आणि मायक्रॉननं जुलै २०१५ मध्ये थ्रीडी क्रॉसपॉइंट जाहीर केली: नॅन्डपेक्षा १००० पट वेगवान, १००० पट जास्त आवर्तनं, डीरॅमपेक्षा १० पट दाट. २०१७ मध्ये ऑप्टेन नावानं ती बाजारात आली. कंट्रोलर आणि इंटरफेस धरून तिच्या एसएसडीला वाचायला सुमारे १० मायक्रोसेकंद लागायचे, चांगल्या नॅन्ड एसएसडीला ८० ते १००. म्हणजे १००० पट नव्हे, दहापटीच्या आसपास. तरी ती खरंच चांगली मेमरी होती. पण नॅन्ड तिच्यापेक्षा फार स्वस्त होत गेलं, डीरॅम तिच्यापेक्षा वेगवानच राहिलं, आणि मधल्या जागेसाठी पुरेशी गिऱ्हाइकं मिळाली नाहीत. २०२२ मध्ये इंटेलनं हा धंदा गुंडाळला आणि पडून राहिलेल्या मालापोटी ५५.९ कोटी डॉलरचा फटका हिशोबात दाखवला. 'युनिव्हर्सल'च्या सगळ्यात जवळ पोचलेल्या मेमरीची ही कथा अजूनही बऱ्याच तक्त्यांखाली येत नाही.

आणि त्याच काळात रेझिस्टिव्ह रॅमला घर मिळालंही, पण भलत्याच गल्लीत. पॅनासोनिकनं २०१३ मध्ये ती ८-बिट मायक्रोकंट्रोलरमध्ये घातली. २०२२ मध्ये इन्फिनिऑन आणि टीएसएमसीनं गाड्यांच्या मायक्रोकंट्रोलरसाठी २८ नॅनोमीटरवर ती आणत असल्याचं जाहीर केलं. तिथे तिची स्पर्धा डीरॅमशी नाही की नॅन्डशीही नाही. प्रोसेसरच्या शेजारी त्याच चिपवर बसणाऱ्या एम्बेडेड फ्लॅशशी आहे, जे २८ नॅनोमीटरच्या खाली नेणं अवघड आणि महाग होत गेलंय. तुमच्याकडच्या तक्त्यात एम्बेडेड फ्लॅशचा रकाना आहे का, बघा. माझ्यात नव्हता.

मग आपल्या लॅबमध्ये बसून काय लिहायचं? याचं बरं उदाहरण जवळच आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. तुकाराम डोंगळे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक पेपर प्रसिद्ध केला. त्याचं शीर्षक मराठीत सांगायचं तर, स्प्रे पायरोलिसिस पद्धतीनं चांदी, टंगस्टन ऑक्साइड आणि आयटीओ यांचा पातळ फिल्मचा मेमरिस्टर तयार करणं. वरचा इलेक्ट्रोड, मधलं मटेरियल, खालचा इलेक्ट्रोड आणि बनवायची पद्धत, चारही गोष्टी शीर्षकात. स्प्रे पायरोलिसिस म्हणजे द्रावण तापलेल्या काचेवर फवारायचं. कोट्यवधींच्या क्लीनरूमशिवाय होतं, आणि म्हणूनच आपल्याकडे करण्यासारखं आहे. असं शीर्षक वाचून परीक्षक 'डिव्हाइस कुठलं' विचारणार नाही.

माझ्या प्रस्तावातला तक्ता मी नंतर बदलला. शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर आता प्रकाराचं नाव नाही, नमुन्याचा नंबर आहे. आकाराच्या ओळीत ठिपक्याचा व्यास आहे. वेगाच्या ओळीत 'मोजलेलं नाही' असं लिहिलंय, कारण आमच्याकडे तेवढ्या वेगाचा पल्स जनरेटर नाही. गाइडना पहिल्यांदा ते आवडलं नाही, म्हणाले, "रकाना रिकामा दिसतोय रे." दुसऱ्या वाचनाला त्यांनीच बाकीच्या रकान्यांत तापमान घालायला सांगितलं.

टिकाऊपणाचं मोजमाप ८५ अंशांवर चालू होतं, तेव्हा जुलैच्या पावसात लाइट गेली आणि मीटर, हीटर, कॉम्प्युटर सगळं रात्रभर बंद राहिलं. आलेखात मोठी फट पडली. सकाळी वीज आल्यावर सेल एकेक करून वाचले. काही जिथे ठेवले होते तिथेच होते, काही वरच्या रेझिस्टन्सकडे सरकले होते. ती फट मी आलेखात तशीच ठेवलीय, आणि कुठला सेल सरकला ते खाली लिहिलंय.